नवजाताचे टाके कुठे उसवतात

तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. त्याच्या पोटाची भिंत, कातडीपासून आतल्या अस्तरापर्यंत, जेमतेम काही मिलिमीटर जाड. या भिंतीवर नाभीच्या थोडा वर आडवा छेद घ्यायचा, आतडं बाहेर काढायचं, जिथे ते बंद आहे, पिळलंय किंवा सडलंय तिथे दुरुस्त करायचं आणि सगळं जागच्या जागी ठेवून भिंत पुन्हा शिवायची. दोन-तीन तासांनी सर्जन बाहेर येऊन सांगतात, ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाहेर बसलेली आजी हात जोडते.

आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ड्रेसिंगवर ओल दिसते. पाण्यासारखी, किंचित गुलाबी. नर्स डॉक्टरांना बोलावते, पट्टी उघडली जाते आणि घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टाके नीट घातले नव्हते का?

हा आढावा त्या एका प्रश्नाचा आहे. मला काय म्हणायचंय ते सुरुवातीलाच सांगून ठेवतो. टाका चुकल्यामुळे जखम बिघडते, असं कधीकधी घडतं. पण या विषयावर जगभर जमा झालेलं ज्ञान एकत्र ठेवून पाहिलं, तर नवजाताची जखम बहुतेक वेळा टाक्याच्या बाहेर बिघडलेली दिसते: अॅम्ब्युलन्समधल्या थंडीत, उपाशी दिवसांत, घाईत न धुतलेल्या हातांत, ओढून काढलेल्या चिकटपट्टीखाली.

आधी कुणाचं पोट उघडावं लागतं ते पाहू. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत याची कारणं मोजकीच असतात. कुणाचं आतडं मधेच बंद असतं, त्याला अट्रेझिया म्हणतात. कुणाचं आतडं पोटात नीट बसलेलं नसतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. अशा बाळाला हिरवी उलटी होते आणि काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. कुणाला शीची जागाच नसते. कुणाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसल्यामुळे शी पुढे सरकत नाही, तो हर्शस्प्रुंगचा आजार. गॅस्ट्रोस्किसिसमध्ये नाभीशेजारी भिंतीला भोक राहून आतडी उघडी बाहेर आलेली असतात; ऑम्फॅलोसीलमध्ये नाभीतूनच ती बाहेर येतात, पण वर पातळ पिशवीचं आवरण असतं. आणि एक आजार मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा, आतडं सडवणारा, ज्याला नवजात अतिदक्षता विभागात एनईसी म्हणतात.

ही सगळी बाळं एका मापाची नाहीत. अट्रेझियाचं बाळ पूर्ण दिवसांचं, अडीच-तीन किलोचं असू शकतं आणि वेळेत आलं तर त्याचं पोट तुलनेनं स्वच्छ असतं. एनईसीचं बाळ किलोभराचं, आधीच आजारी, व्हेंटिलेटरवर. त्याचं आतडं फुटलेलं असेल तर पोटभर शी आणि पू पसरलेला असतो. दोघांना एकाच धाग्यानं, एकाच हातानं शिवलं तरी दोघांच्या जखमा सारख्या भरणार नाहीत. म्हणून ‘या हॉस्पिटलात इतके टक्के टाके पिकतात’ असा आकडा ऐकला की आधी विचारावं, तिथे कुठली बाळं येतात, आणि किती उशिरा?

जखम बिघडते म्हणजे काय होतं, हेही नेमकं समजून घ्यायला हवं. सर्वांत जास्त दिसतो तो जंतुसंसर्ग. तो नुसता कातडीत असेल, खाली स्नायूंच्या आवरणापर्यंत असेल किंवा थेट पोटात असेल. ऑपरेशननंतर ३० दिवसांच्या आत दिसला तर तो त्या ऑपरेशनचा धरतात. दुसरा प्रकार जखम उघडण्याचा. वरची कातडी उघडली तर ती ड्रेसिंग करत करत भरून येते. पण सगळे थर उघडून आतडं बाहेर आलं, तर त्याला बर्स्ट अॅब्डोमेन म्हणतात आणि ती तातडीची अवस्था असते. तिसरा, आतड्याला भोक पडून शी जखमेतून वाहू लागणं. चौथा प्रकार महिन्यांनी दिसतो: कातडी जुळलेली, पण खालचे थर विलग, आणि बाळ रडलं की तिथे फुगा येतो. हा हर्निया बऱ्याचदा लहान असतो, त्याच्यावर घाई नसते, आणि मोठा असेल तर पुढे शिवता येतो. त्यावर मी इथे अधिक थांबत नाही.

आता आकडे. पोटाच्या ऑपरेशननंतर मुलांच्या जखमा किती पिकतात, याचा एक मोठा पाहणी अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ५१ देशांतली १८१ रुग्णालयं आणि सोळा वर्षांखालची १,१५९ मुलं होती. मानवी विकास निर्देशांकात वर असलेल्या देशांत जखमेचा संसर्ग ६.३ टक्के, मधल्या देशांत १२.८ टक्के, खालच्या देशांत २४.७ टक्के. म्हणजे गरीब देशात चारातल्या एका मुलाची जखम पिकते. त्यात सगळ्या वयांची मुलं होती, निव्वळ नवजात नव्हते. जन्मजात पोटाच्या दोषांवरचा दुसरा अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, ७४ देश, २६४ रुग्णालयं, ३,८४९ बाळं. त्यात जखमेपेक्षा मृत्यू मोजले होते. श्रीमंत देशांत ५.६ टक्के बाळं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के, गरीब देशांत ३९.८ टक्के. एकट्या गॅस्ट्रोस्किसिसचे आकडे वाचताना मी थांबलो: श्रीमंत देशांत १.४ टक्के मृत्यू, मध्यम देशांत ३१.९, गरीब देशांत ९०. भारत मधल्या गटात मोडतो. दोष तोच, भोक तेवढंच, शिवण्याची पद्धतही जगभर जवळपास सारखी. टाक्याच्या कौशल्यात एवढा फरक असूच शकत नाही. फरक आहे तो टाक्याच्या आधी आणि नंतर.

सुरुवात कातडीपासून करू, कारण नवजाताच्या जखमेचं वेगळेपण तिथून सुरू होतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या कातडीचा बाहेरचा, मृत पेशींचा थर चांगला घडलेला असतो. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात त्या थराचे दोन-तीनच पापुद्रे असतात, आणि २४ आठवड्यांच्या आसपास तो थर जवळपास नसतोच. अशा कातडीतून अंगातलं पाणी बाहेर उडून जातं, त्याबरोबर ऊब जाते, आणि बाहेरून लावलेलं औषध थेट रक्तात उतरतं. गंमत अशी की गर्भाची कातडी, गर्भारपणाच्या साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, कापली तरी व्रण न राहता भरते. जन्माला येईपर्यंत ही शक्ती सरलेली असते आणि प्रौढ कातडीचा कणखरपणा अजून आलेला नसतो. बाळ या दोन्हींच्या मधे सापडतं.

बाहेरून लावलेलं औषध रक्तात उतरतं, हे वैद्यकाला फार महाग पडून कळलं. हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक एकेकाळी बाळांना अंघोळ घालायला सर्रास वापरलं जाई. १९७२ साली फ्रान्समध्ये एका बेबी पावडरीत ते चुकून मोठ्या प्रमाणात मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली. कातडीतून शिरलेलं औषध मेंदूपर्यंत पोचलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेनंही या औषधाच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या.

ऑम्फॅलोसीलची कथाही याच वाटेची. पिशवी फार मोठी असेल तर लगेच शिवत नाहीत; वरून औषध लावून ती सुकवायची आणि हळूहळू कातडी वर चढू द्यायची, असा उपचार आहे. त्यासाठी कित्येक वर्षं वापरलं गेलं मर्क्युरोक्रोम. आपल्या घरोघरच्या कपाटातलं, गुडघा फुटला की लावायचं ते लाल औषध. त्यात पारा असतो, आणि पातळ पिशवीतून तो बाळाच्या रक्तात जातो हे लक्षात आल्यावर ते बंद करावं लागलं. मग पॉव्हिडोन आयोडीन आलं. आयोडीन शोषलं गेलं तर नवजाताच्या थायरॉइडचं काम काही काळ मंदावतं, म्हणून तेही जपून. ऑपरेशनआधी कातडी स्वच्छ करायला मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडीन सुचवते; पण अपुऱ्या दिवसांच्या आणि दोन महिन्यांखालच्या बाळांत त्यानं कातडी भाजू शकते, असा इशारा औषधाच्या वेष्टनावर असतो. पाठीखाली साचलेल्या द्रावणात बाळ झोपून राहिलं तर भाजण्याची शक्यता वाढते. मोठ्यांसाठी चांगलं ते बाळासाठी आणखी चांगलं, हे गणित नवजाताच्या कातडीनं पुन्हा पुन्हा खोटं ठरवलंय.

चिकटपट्टीबद्दल तर अजून पुरेसं बोललंच जात नाही. सलाइनची सुई, श्वासाची नळी, पोटातली नळी, हृदयाच्या नोंदीची बटणं, ड्रेसिंग, सगळं चिकटपट्टीनं धरलेलं. किलोभराच्या बाळाच्या कातडीचे थर एकमेकांना इतके कच्चे जोडलेले असतात की पट्टी झटक्यात ओढली तर तिच्याबरोबर कातडीही निघते. ती उघडी जागा म्हणजे जंतूंना दार. सिलिकॉनची पट्टी महाग असते, पण साधी पट्टी कोमट पाण्यानं भिजवून, कातडीला समांतर, सावकाश सोडवायला काहीच खर्च येत नाही. त्यासाठी नर्सकडे वेळ हवा. आणि एका नर्सकडे डझनभर बाळं असतील तर तोच नसतो.

थंडीचा पुरावा मोठ्यांकडून आलाय, पण तो इतका स्पष्ट आहे की सांगायलाच हवा. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या वेळी उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के जखमा पिकल्या. अंग दोन अंशांनी थंड झालेल्यांत १९ टक्के. थंडीनं कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी प्राणवायूवाचून निकामी होतात. नवजाताला तर थरथरून ऊब निर्माण करता येत नाही. म्हणून लहान बाळाच्या ऑपरेशनला थिएटर तापवतात, गरम गादी घालतात, डोकं आणि हातपाय कापसात गुंडाळतात, पोटात सोडायचं सलाइनही कोमट करतात. सर्जन घामानं भिजतो.

पण थिएटरला पोचेपर्यंत? गडचिरोलीहून नागपूर १७० किलोमीटरच्या आसपास, आणि भामरागडहून निघालं तर त्याच्या जवळपास दुप्पट. पावसाळ्यात नाले भरलेले. बाळाला हिरव्या उलट्या होताहेत, पोट फुगलंय, आणि ते एका टॉवेलात गुंडाळून कुणाच्या मांडीवर आहे. आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वर चादर आणि डोक्याला टोपी घालून आणलं तर हेच बाळ उबदार पोचतं. आई बाळंतपणाच्या जागीच अडकली असेल तर बाप, आत्या, आजी, कुणीही चालतं. ऑपरेशनच्या जखमेचा हा पहिला उपचार आहे आणि तो छेद घेण्याच्या कित्येक तास आधी सुरू होतो.

उशिराचं आणखी एक कारण मांडताना मन जड होतं. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं किंवा सळईनं चटके देण्याची रीत आहे, तिला डंबा म्हणतात. लेकराचं पोट उतरावं म्हणूनच घरचे ते करतात. जवळ डॉक्टर नसताना पिढ्यांनी धरून ठेवलेला तो उपाय आहे. पण फुगलेल्या पोटामागे आतड्याचा अडथळा असला तर चटक्यानं तो सुटत नाही. दिवस जातात, आणि शेवटी सर्जनला ज्या कातडीवर छेद घ्यायचा असतो तीच भाजलेली असते. अशा घरांना गुन्हेगार ठरवून रीत थांबणार नाही. हिरवी उलटी आणि फुगलेलं पोट म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, हे तिथल्या भुमक्यापर्यंत, म्हणजे गावच्या वैदूपर्यंत, आणि दाईपर्यंत पोचवायला हवं.

आता भूक. जखम भरायला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, अ आणि क जीवनसत्त्व लागतं. ज्याचं आतडंच बंद आहे त्याला हे द्यायचं कसं? १९६७ साली फिलाडेल्फियात लहान आतडं जवळपास नसलेल्या एका नवजात मुलीला स्टॅनली डड्रिक आणि डग्लस विलमोर यांनी सगळं अन्न शिरेतून दिलं आणि तोंडावाटे अन्न न घेताही तिचं वजन वाढलं. त्याआधी अशी बाळं ऑपरेशन जमूनही उपासमारीनं जात. नवजात शस्त्रक्रियेत या शोधाइतकं मोठं वळण दुसरं नसेल, आणि ते शिवण्याच्या कौशल्यातलं नव्हतं. शिरेतलं अन्न महाग असतं, त्याच्या नळीतून जंतू रक्तात शिरू शकतात, म्हणून आतडं चालू लागताच थेंब थेंब आईचं दूध सुरू करायचं. आईला दूध कमी असेल तर दुसऱ्या आयांचं. मुंबईतल्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरच्या दुधाऐवजी आईचं किंवा पेढीचं दूध मिळालं, तर एनईसी होण्याची शक्यताच घटते. न झालेल्या ऑपरेशनची जखम कधी चिघळत नाही.

दुधाइतकीच गरज असते ती शिकलेल्या माणसांची. १९५३ साली लिव्हरपूलला पीटर पॉल रिकम यांनी नवजात शस्त्रक्रियेचं जगातलं पहिलं स्वतंत्र युनिट उभं केलं, तेव्हा त्याचं बळ होतं ते सर्जन, भूलतज्ज्ञ आणि खास शिकलेल्या नर्स एकाच छताखाली असण्यात. सत्तर वर्षं झाली. आपल्याकडे अजूनही अनेक जिल्ह्यांत बालशल्यविशारद नाही. असला तरी नवजाताला भूल देणारा हात आणि ऑपरेशननंतर रात्रभर बघणारी नर्स मिळेलच असं नाही.

आणि हात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तिथेच जन्मून नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. १४.३ टक्के बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग म्हणजे सेप्सिस झाला. जंतू कोणते, तर अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, ई. कोलाय. अॅसिनेटोबॅक्टरचे पाचातले चार नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. हेच जंतू न धुतलेल्या हातांवरून ऑपरेशनच्या जखमेत उतरतात. यावर आपली पहिली प्रतिक्रिया असते आणखी जास्त, आणखी भारी, आणखी दिवस प्रतिजैविकं. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना उलटी आहे: डोस छेदाच्या आधी वेळेवर द्या आणि केवळ जखम पिकू नये म्हणून तो पुढे लांबवू नका. पोटात पू असेल तर तो उपचाराचा भाग झाला, ते वेगळं. पण टाके सुकेपर्यंत इंजेक्शन चालू ठेवायची आपल्याकडची सवय जखमेला वाचवत नाही आणि वॉर्डातले जंतू तेवढे कणखर करते.

काम करतात त्या गोष्टी साध्या आहेत. भारतासह सात देशांतल्या १३,००० हून अधिक पोटाच्या ऑपरेशनांवर झालेल्या प्रयोगात, जखम शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि स्वच्छ हत्यारं घेतली, एवढाच बदल होता. जखमा पिकण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. हा निष्कर्ष २०२२ साली आला. प्रयोग नवजातांपुरता नव्हता, पण आतडं हाताळलेल्या मोज्यांनीच कातडी शिवू नये, हे कळायला नवजातांवर वेगळ्या प्रयोगाची वाट बघायची गरज नाही. हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड कुठल्याही इंजेक्शनपेक्षा स्वस्त असतो.

शिवण्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर सर्जनला मोकळं सोडल्यासारखं होईल. नवजाताचं पोट उभ्यापेक्षा आडवं जास्त रुंद असतं, आणि आडव्या छेदात पोटाच्या स्नायूंचा ताण जखम ओढत नाही. म्हणून लहान बाळांत आडवा छेद पसंत करतात आणि उभ्या छेदाच्या जखमा उघडण्याचं प्रमाण मुलांत जास्त आढळलंय. गाठी खोल पुरायच्या, नाहीतर पातळ कातडीतून त्या टोचत वर येतात आणि तिथे बारीक फोड होऊन महिनोन्‌महिने धागा बाहेर पडत राहतो. पण सर्वांत कठीण निर्णय असतो कधी शिवायचं नाही, हा. नवजात बाळ श्वास घेतं ते मुख्यतः छाती आणि पोट यांच्यातल्या पडद्यानं. सुजलेली आतडी लहानशा पोटात कोंबून वरून घट्ट शिवलं, तर पडदा वर ढकलला जातो, श्वास अडतो, मूत्रपिंडाचं आणि आतड्याचं रक्त तुटतं, आणि टाके आपणहून फाटतात. १९८४ साली कोलंबियात बोगोटाच्या एका सर्जननं सलाइनची रिकामी पिशवी कापून उघड्या पोटावर शिवली. ‘बोगोटा बॅग’ हे नाव तिथून आलं. गॅस्ट्रोस्किसिसमध्येही आतडी पारदर्शक पिशवीत टांगून काही दिवसांत हळूहळू आत उतरवतात. परदेशी तयार पिशवी परवडत नाही म्हणून आपल्याकडे निर्जंतुक लघवीची पिशवी किंवा रक्ताची पिशवी वापरून हेच साधलं जातं. काही ठिकाणी तर शेवटचं भोक टाक्याविना, बाळाच्याच नाळेचा तुकडा वर झाकून बंद करतात. पोट बंद न करणं हेही सर्जनचं कौशल्य आहे. घरच्यांना ते अर्धवट काम वाटतं, म्हणून आधी बसून समजावणं आवश्यक.

तरीही जखम उघडलीच तर? चौथ्या ते आठव्या दिवसांच्या दरम्यान आलेलं गुलाबी पाणी ही सूचना समजायची. ते साधं पाणी म्हणून वरून कापूस वाढवत राहणं ही चूक. आतडं बाहेर आलं तर कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या निर्जंतुक कापडानं झाकून, नाकातून नळी घालून पोट रिकामं करून बाळ पुन्हा थिएटरला न्यावं लागतं. नुसती कातडी उघडली असेल तर घाई नको. ड्रेसिंगमध्ये चांदीयुक्त मलमं आहेत, वैद्यकीय वापरासाठी किरणांनी निर्जंतुक केलेला मध आहे; घरातला मध मात्र कधीच नाही, त्यात बाळाला लुळं करणाऱ्या जंतूची बीजं असू शकतात. मोठ्या उघड्या जखमांवर ओढ देणारं व्हॅक्यूम ड्रेसिंगही नवजातात वापरतात, पण मोठ्यांना साधारण १२५ मिलिमीटरचा दाब देतात तिथे बाळाला ५० ते ७५. यातल्या बहुतेक उपायांचा पुरावा थोड्या थोड्या बाळांच्या अनुभवावर उभा आहे. एक मलम दुसऱ्यापेक्षा सरस आहे असं ठामपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

ज्यांच्या पोटावर शीची जागा काढलेली असते त्यांची जखम आणखी वेगळी. लहान आतड्यातून येणारी पातळ शी कातडी अक्षरशः जाळते. शीची ही जागा मुख्य जखमेतूनच काढावी की वेगळ्या छेदातून, यावर सर्जनांत एकमत नाही. शी आणि टाके शेजारी नसावेत हा तर्क मला पटतो, पण किलोभराच्या बाळाच्या पोटावर दोन छेदांना जागाच किती असते? नवजाताच्या मापाच्या पिशव्या महाग असतात, तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, आणि मग आई मऊ सुती कापडाच्या घड्या करून दिवसातून दहा-बारा वेळा बदलते. झिंक ऑक्साइडचा जाड लेप, स्वच्छ कापड आणि कातडी कोरडी ठेवण्याची चिकाटी यावर महाराष्ट्रातल्या अनेक आयांनी ही मुलं वाढवली आहेत. त्यांना हे शिकवायला डिस्चार्जच्या दिवशीची दहा मिनिटं पुरत नाहीत. पहिल्या दिवसापासून आईचा हात त्या जागेला लागायला हवा.

शेवटचा मुद्दा माझ्या मते सर्वांत मोठा, आणि त्यावर सर्वांत कमी लिहिलं जातं. जखमेची व्याख्या ३० दिवसांची आहे, आणि आपली नोंद डिस्चार्जला संपते. दहाव्या-बाराव्या दिवशी घरी गेलेल्या बाळाची जखम पंधराव्या दिवशी पिकली तर ते गावातल्या डॉक्टरकडे जातं. मोठ्या रुग्णालयाच्या वहीत ती जखम कोरडीच राहते. जे मोजलं जात नाही ते सुधारणार कसं?

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आशा ताई नवजाताच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरोघर जाऊन बाळ तपासण्याची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध झाली. ३९ गावांत शिकवलेल्या गावच्याच बायांनी बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’नं छापलं. जन्मजात दोष हुडकण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ साली सुरू झाला तो आपल्या पालघरातूनच. ऑपरेशन झालेल्या बाळाच्या कार्डावर तिसाव्या दिवसाची तारीख, टाक्यांचा फोटो कुठल्या नंबरवर पाठवायचा तो नंबर आणि आशा ताईसाठी चार खुणा छापल्या, की रुग्णालयाची वही तिसाव्या दिवसापर्यंत पुढे जाईल. जिल्हा रुग्णालयांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी हे याच वर्षी सुरू करावं, अशी माझी मागणी आहे.

तोवर ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांच्यासाठी त्या चार खुणा इथेच लिहितो. टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली किंवा सूज. जखमेतून पू, शी किंवा गुलाबी पाणी. फुगलेलं पोट किंवा हिरवी उलटी. आणि चौथी, जी सगळ्यांत आधी दिसते आणि सगळ्यांत उशिरा लक्षात येते: बाळ मलूल होणं, दूध ओढेनासं होणं, हातपाय गार पडणं, एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही. यातलं एकही दिसलं तर हळद, राख, तेल, पावडर काहीही लावू नका. आतडं बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडानं झाका, बाळाला छातीशी धरा, टोपी घाला, १०८ ला फोन करा आणि जिथे ऑपरेशन झालं तिथेच घेऊन जा.